बिजलीसाठी राइडिंग रिंग

५ ऑक्टोबर १९५८, रविवार
आजपासून रिंगचं काम हाती घेतलं. घराच्या दक्षिणेला, साठ फूट गोल. मिलिटरीच्या तबेल्यात बावीस वर्षं काढली. वैरणीचं रजिस्टर लिहीत होतो, पण घोडे रोज खिडकीतून दिसत, त्यामुळे अनुभव दांडगा. १ डिसेंबरला हायस्कूलचे हेडमास्तर पाहणीला येणार. पसंत पडलं तर मी राइडिंग मास्तर. नाहीतर हौसावहिनीकडे आयतं जेवणारा दीर, जो आज आहे.

माझ्या बिजली घोडीचा पुढचा उजवा पाय दुखावलाय. कणकवलीचे ढोरडॉक्टर म्हणाले, मऊ जमिनीवर फिरवा, नाहीतर कायमची लंगडी होईल. आमच्याकडे सगळा जांभा दगड. हरकत नाही. प्लॅन तयार आहे.

११ ऑक्टोबर
महादू गाडीवानाने समुद्राची वाळू टाकली, सहा गाड्या. सरफेस फर्स्ट क्लास.

१२ ऑक्टोबर
बिजली चालत नाही. उभी राहून वाळू चाटते. महादू म्हणाला, खार फुडल्या पावसात धुवान जायत. वाळू काढली.

१९ ऑक्टोबर
गिरणीतून भाताचं तूस आणून पसरलं. दुपारी वारा सुटला. तूस शेजारच्या बाबलीच्या सुकत घातलेल्या मासळीवर. बाबली भांडलासुद्धा नाही, एकेक मासा झाडत बसला. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. हल्ली काहीच वाटत नाही.

२ नोव्हेंबर
शेवटचा प्लॅन. वीतभर लाल माती घालून उकरून ठेवली. उद्या लगाम दुरुस्त करायला कणकवलीला जातो. वहिनीला सांगितलं, चार बायका बोलावून जमीन नीट करून ठेव. इतक्या स्पष्ट सूचनेनंतर चूक होणं शक्य नाही.

६ नोव्हेंबर
परत आलो. वहिनीने आठ बायका बोलावल्या. पाणी मारलं, तीन दिवस चोपण्यांनी चोपून चोपून शेणाने सारवलं. वर रांगोळी. म्हणाली, भावोजीनू, दिवाळीक खळा तयार. माती तशीच उकरलेली ठेवली असती तर लोकांनी नावा ठेवली असती.
दगडासारखं झालंय. रागवायचं ठरवलं होतं. पण रिंगमध्ये जाताना माझ्याच पायांनी चपला काढल्या.

११ नोव्हेंबर
अर्ध्या वाडीचं भात माझ्या रिंगमध्ये वाळतंय. बिजलीला कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी बांधलीय. जास्तच लंगडते. उद्या सगळं उकरणार.

१२ नोव्हेंबर
उकरलं नाही. भात ओलं आहे.

१६ नोव्हेंबर
बिजली दावं तोडून बाबलीच्या भाताच्या कुणग्यात गेली. कापणी झालेली, चिखल अजून ओला. खुरं रुतवून शांत उभी. बाबली म्हणाला, रवांदे थंय, माका काय त्रास नाय. तात्पुरती व्यवस्था म्हणून मी मंजुरी दिली.

३० नोव्हेंबर
डॉक्टर आले. बिजली दुडक्या चालीने पळाली. पाय साफ बरा. डॉक्टरांनी विचारलं, जमीन कोणी तयार केली? मी म्हणालो, बरेच प्रयोग करावे लागले.
उद्या काही चुकण्याचा प्रश्नच नाही.

१ डिसेंबर, संध्याकाळी ६
हेडमास्तर आले. खळं बघून खूश झाले. बिजलीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, सगळं उत्तम आहे, आता आपण जरा बसून दाखवा.
मी रिकिबीत पाय घातला. मग काढला. हवा दमट असल्याचं सांगितलं. ते थांबले. मी परत पाय घातला. बावीस वर्षांत वर बसायची वेळ कधी आली नव्हती. बिजलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.
हेडमास्तर फार सभ्य माणूस. स्नेहसंमेलनाच्या नाटकाला हे खळं मिळेल का, एवढंच विचारून गेले.
वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी वाटलं, म्हणून लिहून ठेवतो.
वहिनीने चहा दिला. मग म्हणाली, भावोजीनू, रिकामे आसास तर भाताकडे बसा, कावळे येतत.
बसलो. कावळे आलेच.