यादीतलं मायचं नाव

आण्णा, सोमवारी तहसीलच्या वऱ्हांड्यात ईट गावाकडची एक म्हातारी माझ्यावर खेकसली. रिटायर होऊन कैक वर्षं झाली तरी मी आठवड्यातून एकदा तिथं जाऊन बसतो, निराधार योजनेचे अर्ज लोकांना भरून देतो. घरी बसून सुनेच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा ते बरं. मी म्हणालो, "आजी, हात जोडून विचारा, साहेब चांगले आहेत." तर म्हणाली, "हात कशाला जोडू? भीक मागाया आलेय का म्या? सरकार माझं हाय. यादीत माझं नाव का न्हाय, तेवढं सांग." तुम्ही असता तर उठून तिला खुर्ची दिली असती. तुमच्या उमेदीत माणसं निजामी हुजूरच्या कचेरीत चप्पल बाहेर काढून, कमरेत वाकून जायची. मला मात्र त्या दिवशी पुढं एकही अर्ज लिहवेना. यादीत नाव का नाही, असं विचारणारी दुसरी एक बाई डोळ्यांपुढं आली.

पोलीस ॲक्शन होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. तुम्ही गावचे मास्तर, म्हणून पहिल्या मतदानाची यादी करायचं काम तुमच्याच गळ्यात पडलं. सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, तरी 'नागरिक' हा शब्द तुम्ही असा घोकत होता की शेजारची पोरं तुम्हाला 'नागरिक मास्तर' म्हणायला लागली. दारोदार जायचं आणि बायकांची नावं विचारायची. नवऱ्याचं नाव त्या घ्यायच्या नाहीत, अन् स्वतःचं सांगायची लाज. कवाडाआडून आवाज यायचा, "लिव्हा की, पाटलाच्या धाकल्याची बायकू." तुम्ही उन्हात उभे राहून समजावत होता, "बाई, असं लिहिलं तर नाव कटतं. सरकारला तुम्ही पायजे, तुमचा नवरा न्हाय." बायका खुदूखुदू हसायच्या. पिंजाऱ्याच्या घरातल्या चाचीनं मात्र पडद्यामागून नाव ठणकावून सांगितलं आणि लिहिलं का म्हणून दोनदा विचारलं. त्याचं तुम्हाला केवढं कौतुक!

सगळं गाव झाल्यावर तुम्ही आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहता. माय भाकरी थापतेय. तुम्ही वही उघडून म्हणता, "बाई, नाव सांगा." माय म्हणते, "याड लागलं का? तुमाला ठावं न्हाय व्हय?" "मला ठावं हाय. सरकारला तुझ्या तोंडून पायजे." ती पिठाचे हात पुसते, पदर सावरते आणि चुलीकडं बघत स्वतःचं नाव सांगते. मी भिंतीला टेकून बसलोय, सतरा वर्षांचा घोडा, आणि मायच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदा ऐकतोय. तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची, म्हणून मग तुम्ही पिठाचा डबा आणि डाळीचा डबा शेजारी मांडता, चिठ्ठी कशी टाकायची ते शिकवता. माय विचारते, "म्या कुठल्या डब्यात टाकली ते तुमाला कळंल?" "न्हाय." "आत्याबाईस्नी?" म्हणत ती आजीच्या खोलीकडं बघते. "कुणालाच न्हाय." माय लई वेळ हसत राहिली. "मंग बरं हाय की," म्हणाली.

मतदानाच्या दिवशी ती इरकली लुगडं नेसून बायकांबरोबर शाळेत गेली आणि सगळ्यांच्या आधी परतली. यादीत तिचं नावच नव्हतं. चारपाच दिवसांनी तालुक्याला जाऊन तुम्ही मूळ कागद बघून आलात. माय दारातच थांबली होती. "नाव न्हाय, नुसतं नातं लिहिलंय, म्हणून कटलं," तुम्ही तिला सांगितलंत. "गावभर बायांची नावं मागत हिंडला, अन् आपल्याच घरी लाजला व्हय?" तुम्ही टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणालात, "चुकलं माझं." एवढंच. पुढं एकदा पीठ चाळताना ती शिकवणीची चिठ्ठी चाळणीत आली. मायनं ती उचलून चुलीत टाकली. ज्वारीच्या सुगीत तिला तापानं धरलं आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत ती राहिली नाही. तुम्ही लाजलात, असंच समजून ती गेली.

आण्णा, तुम्ही लाजला नव्हता. तुमच्या कच्च्या वहीत तिचं नाव ठसठशीत होतं. पक्की प्रत तुम्ही मला करायला दिली होती, माझं अक्षर चांगलं म्हणून. शाळेच्या ओट्यावर बसून मी उतरवत होतो आणि माझे दोन सोबती मागून एकेका बाईचं नाव मोठ्यानं वाचून दात काढत होते. चावडीवर यादी लागली की अख्खं गाव वाचणार, हेही ते सांगत होते. आपलं घर आलं तसा मी वहीवर हात ठेवला आणि लिहिलं, 'मास्तरांची बायको'. तुम्ही प्रत तपासलीसुद्धा नाही. पोरावर भरवसा!

तालुक्याला तो कागद हातात येताच अक्षर कुणाचं ते तुम्हाला कळलं असणार. ते गिरवून घेतलं होतं तुम्हीच. तरी त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी आत बसून सगळं ऐकत होतो. उठून चार शब्द बोलायचे होते, माय समोर होती. लई रडू येतं आण्णा, आता या वयात. तुम्ही पुढं कितीतरी वर्षं जगलात, एकदा जरी कान पिळून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या म्हातारीचं नाव मी यादीत घालून घेतलं. दोन चकरा मारल्या, साहेबांशी भांडलो. घरी येऊन हे लिहायला बसलो. आता वरपासून सगळं वाचून पाहिलं. मायचं नाव यातही मी कुठं लिहिलेलं नाही.