भर मैदानातली मागणी

फुलचूर, गोंदिया
१२ डिसेंबर २००३

ती. सौ. भूमेश्वरीताईस,
खुमेंद्रचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून आधी कान धरतो. इकडे सगळे ठीक आहेत. धान कापून, मळून घरात आलं. बाबूजी माझ्याशी बोलत नाहीत, आईच्या मार्फत बोलतात. मी ताटावर समोर बसलेला असतो आणि ते आईला म्हणतात, याला विचार भाजी पाहिजे काय. मी कॉलेज अर्ध्यावर सोडून नागपूरहून परत आलो हे तुला कळलंच असेल. दोन वर्षं इंजिनाच्या आकृत्या काढल्या, इंजिन एक पाहिलं नाही. आता कोणी कितीही समजावलं तरी जाणार नाही.

खरं कारण वेगळं आहे. ते भाऊजींना वाचून दाखवू नको. आपल्या मागच्या गल्लीतल्या केवळराम गुरुजींची रिंकी तुला आठवत असेल. तिला सिकलसेल आहे. रक्तातला आजार, जन्मापासूनचा. थंडी पडली की हाडं अशी दुखतात की दात आवळून पडून राहते, डोळे हळदीसारखे होतात. मागच्या दिवाळीत ती नऊ दिवस दवाखान्यात होती आणि मी नागपुरात आकृत्या काढत होतो. त्यानंतर माझं तिथे मन लागलं नाही. तिला मी काही बोललो नाही. पण तिला समजत असावं.

आता मुद्द्याचं. माझ्या होस्टेलच्या खोलीत ज्या रॉकस्टारचा दाराएवढा फोटो होता, तो निकी डिमेलो येत्या २१ तारखेला गोंदियात मैदानावर कार्यक्रम करायला येणार आहे. त्याने सिकलसेलसाठी संस्था काढली आहे. गावभर पोस्टर लागले. अर्ध्या पोस्टरवर तो, गिटार धरून डोळे मिटलेला. अर्ध्यावर आपली रिंकी, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली, घरात कोणी मेल्यासारखा चेहरा. बस स्टँडपासून पार कोहमाऱ्याच्या ढाब्यांपर्यंत हाच फोटो. ट्रकवाले तिच्याकडे पाहत चहा पितात. ताई, माझं रक्त खवळलं. चहाच्या टपरीवाले खेमराजकाका म्हणतात ते बरोबर आहे, की हा माणूस समुद्राकाठच्या बंगल्यातून विमानात बसून येते आणि आम्हालेच विचारते की तुम्ही लोकांनी काय केलं. मी तीन पोस्टर फाडले. अजून फाडणार आहे.

रेणूला मामाकडून टॉफी दे. रागावू नको, आणि रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा
खुमेंद्र


बालाघाट
१८ डिसेंबर २००३

चि. खुमेंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. भाऊजींना वाचून दाखवलं नाही, त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच वाचलं. ते म्हणाले की तुझ्या भावाला दुसरं काही जमो न जमो, तापायला बरोबर जमते. मी तुझी बाजू घेतली, पण फार वेळ घेता आली नाही.

त्या डिमेलोसारखे केस वाढवले म्हणून बाबूजींनी तुला न्हाव्याकडे ओढत नेलं होतं, ते मला चांगलं आठवते. आता तोच वाईट कसा झाला? मला त्याचं गाणं कळत नाही, गळ्यात काही अडकल्यासारखा ओरडते. पण विचार करून पाहिलं. आपल्या इथे एक सेठ आहेत, दर उन्हाळ्यात पाणपोई लावतात, त्यांच्यावर कोणी चिडत नाही. ते पाणी देतात आणि दुकानात जाऊन बसतात. हा तुमचा गाणारा देते, आणि मग तिथेच उभा राहून आपण कसे लोक आहोत ते आपल्याला सांगते. माणसाला ते सोसत नाही. एवढं मला पटलं.

पण दुसरंही सांगते, तोंड वाकडं करू नको. रिंकी लहानपणापासून आजारी आहे. त्या गल्लीतून खेमराजकाका रोज जातात, मीही लग्नापर्यंत जात होते. आम्ही कोणी तिच्या घरात एकदा तरी शिरलो काय? त्याला शिव्या दिल्या की आपल्याला बसल्या जागी बरं वाटते, बाबू. तेवढंही असते त्यात.

आणि पोस्टर फाडण्याआधी तू रिंकीला विचारलंस काय? तिच्या नावाने रागावतोस तर आधी तिला पूस. २१ तारखेला त्या मैदानाकडे फिरकू नको, माझी शपथ.

आईच्या गुडघ्याला मोहाचं तेल लावत जा. अशीच आठवण ठेव.

तुझी ताई
भूमेश्वरी


फुलचूर
२३ डिसेंबर २००३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. कार्यक्रम परवा झाला. म्हणजे शपथ पोचायच्या आधीच मोडली, तिचा दोष पोस्टाला.

बसून वाच. संध्याकाळी मैदान भरलं होतं, चार हजार तरी माणूस असेल. डिमेलो दोन गाणी म्हणाला आणि मग बोलायला लागला. हिंदीत सुरू करायचा, इंग्रजीत जायचा. म्हणाला की तुमच्या गप्प बसण्यामुळे ही लेकरं मरत आहेत. मग म्हणाला, ज्यांना लाज वाटते त्यांनी हात वर करा. ताई, उन्हाळी धानाच्या शेतातून थेट आलेली माणसं होती, पायाला चिखल होता. त्यांनी हात वर केले. स्टेजमागे त्याच्या गाडीचं इंजिन सुरूच होतं, आत एसी थंड राहावा म्हणून. माझ्या शेजारचा एक माणूस म्हणाला की याची गाडी एका तासात जेवढं डिझेल पिते तेवढ्यात माझा पंप धानाच्या दोन बांध्या भिजवते.

मग त्याने रिंकीला वर बोलावलं. मागे पडद्यावर तिचाच फोटो, पुढे ती. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगू लागला की या मुलीला कोण स्वीकारणार, हिच्या आयुष्यात कधी कोणी येईल काय. आणि डोळे पुसले.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी स्टेजपुढच्या बांबूंवरून वर चढलो. माईक हिसकावला आणि म्हणालो की तू रात्रीच्या गाडीने निघून जाशील, ही आमची आहे, आम्ही पाहू. आणि सगळ्यांसमोर सांगतो, मी हिच्याशी लग्न करणार, आजारासकट करणार.

ताई, काय टाळ्या पडल्या! त्याच्या गाण्यालाही तेवढ्या पडल्या नव्हत्या. शिट्ट्या, टोप्या हवेत. मला वाटलं तो चिडेल. पण त्याने मला मिठीच मारली, रडायलाच लागला, आणि माझा हात धरून वर केला. ज्याला मारायला चढलो होतो त्याच्या गळ्यात पडून फोटो निघाला, तो काल पेपरात आला. बाबूजींनी पेपर दोनदा वाचला आणि घडी करून ठेवला. आई रडून राहिली, आनंदाने की कशाने ते सांगत नाही.

एकच खटकते. टाळ्या सुरू असताना मी वळून पाहिलं तर रिंकी तिथे नव्हती. मागच्या पायऱ्यांनी उतरून गेली होती. दोन दिवस झाले, दारात येत नाही. लाजली असेल. तुला काय वाटते?

उत्तराची वाट पाहणारा, तुझ्या मायेतला
खुमेंद्र


फुलचूर
२६ डिसेंबर २००३

श्री. खुमेंद्र यास,
रिंकीचा नमस्कार.

एका गल्लीच्या अंतरावर राहून पत्र लिहावं लागते, कारण तू घरी आलास तर अर्धा मोहल्ला मागे येईल.

तीन दिवसांपासून आमच्या घरी बाया येऊन राहिल्या. शेजारच्या सुमित्राबाईंनी तर नारळ आणला. सगळ्या माझ्या मायला सांगतात की धुरपता, पोराचं मन सोन्याचं, लवकर हो म्हण, अशा पोरीले दुसरं कोण करणार. माय मान हलवते. बाबा शाळेत जातात तर मास्तर लोक हात मिळवतात. मी नाही म्हटलं तर मी कृतघ्न, आजारी असून माजलेली. खुमेंद्र, चार हजार माणसांसमोर विचारलंस ना, नाही म्हणायला मला जागाच ठेवली नाहीस. विचारलं तरी कुठे? सांगितलंस.

पोस्टर तू फाडलेस ते मला माहीत आहे. कोणी सांगितलं होतं? तो फोटो मला विचारून काढला होता आणि मी हो म्हटलं होतं. त्यांनी गोंदियाच्या दवाखान्याला तपासणीची मशीन दिली. तिच्यासाठी आम्ही आठ वर्षं अर्ज करत होतो. मला राग त्याचा नाही. फोटो काढताना मी हसत होते. माझा चेहरा तसाच आहे, तुला माहीत आहे. तर त्यांनी पाच वेळा सांगितलं की हसू नका. नवा ड्रेस बदलायला लावला. शेवटी मी दुःखी झाले तेव्हा त्यांना बरं वाटलं. स्टेजवर तू आजारासकट म्हणालास आणि माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा तुलाही तसाच चेहरा पाहिजे होता.

आता कामाचं. तू रक्त तपासलंस काय? तुझ्या डोक्यात आलंच नसेल. तब्येत धडधाकट असली तरी माणूस वाहक असू शकते, म्हणजे दोष रक्तात लपून असते. तू वाहक निघालास तर आपल्या प्रत्येक लेकराला निम्मी भीती, की माझं दुखणं त्याच्या वाट्याला येईल. गुरुवारी सकाळी दवाखान्यात तपासणी असते. गाजावाजा न करता ये. मी तिथे नावं लिहायला बसते.

ओळख राहू द्यावी.

रिंकी


फुलचूर
१२ फेब्रुवारी २००४

ती. सौ. ताईस,
खुमेंद्रचा सा. न. वि. वि.

दीड महिना लिहिलं नाही. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. लग्नाची तारीख विचारू नको, काय झालं ते सांगतो.

रिंकीने पत्रात मला जे लिहिलं ते तुला दाखवत नाही. तिला विचार म्हणून तू बजावलं होतंस, तेच तिने लिहिलं, एवढं समज. तिने रक्त तपासायला दवाखान्यात बोलावलं होतं, मी दोन गुरुवार गेलो नाही. बोट टोचायला भीत होतो असं नाही. उत्तराला भीत होतो. तिसऱ्या गुरुवारी गेलो. तिने इतरांचं लिहावं तसं माझं नाव, वय, गाव लिहिलं. आठ दिवसांनी कार्ड मिळालं. मी वाहक आहे.

कार्ड घेऊन मी तिच्या घरी गेलो. गुरुजी पेपर घेऊन उठून बाहेर गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती. कार्ड पाहिलं आणि निवडणं थांबवलं नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाली की मला जे दुखते ते मला माहीत आहे, लेकराला जाणूनबुजून देणार नाही. मी म्हणालो की लेकरं नकोत, आपण दोघंच राहू. तर म्हणाली की आज तू हे मनापासून बोलून राहिला, पण दहा वर्षांनी तुझी आई माझ्याकडे पाहील तेव्हा मला काय वाटेल, त्याचा विचार कर. मग म्हणाली की तू एकटा आलास, बरं केलंस. मी चहा घेतला आणि आलो. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच इतकं बोललो, ताई, आणि ते असं बोललो.

हे रक्त आईबाबूजींकडून आलं म्हणजे तूही वाहक असू शकतेस. भाऊजींना घेऊन तपासून ये. रेणूलाही ने. घाबरू नको, पण टाळू नको.

डिमेलोवरचा माझा राग गेला नाही. माणसाला मदत करायची आणि ते पाहायला गर्दी जमवायची, मग त्या माणसाला तिथून हलता येत नाही. पण मीही तेच केलं. त्याने निदान मशीन दिली.

थंडीत रिंकीला प्रवास झेपत नाही, म्हणून तिचं रजिस्टर घेऊन मी कचारगडच्या यात्रेत तपासणीला गेलो होतो. पाच दिवस नावं लिहिली. आमच्या मागे डिमेलोचं तेच डोळे मिटलेलं बॅनर होतं. एका म्हातारीने विचारलं की हा केसाळ बुवा कोण. मी सांगितलं की यानेच मशीन दिली. ती म्हणाली की बरं केलं बापा, त्याचं भलं होवो, आणि बोट पुढे केलं. मग थांबून विचारलं की हा जेवते की नाही, एवढा कायले रडते. रांग हसली, मीही हसलो. गावी आल्यावर रिंकीला सांगितलं, तर तिला हसून हसून ठसका लागला.

उन्हाळ्यानंतर नागपूरला जाऊन कॉलेजात नाव परत घालतो. बाबूजींना अजून सांगितलं नाही.

एक काम तुझ्याकडे आहे. आई माझ्यासाठी पोरी पाहायच्या म्हणते. तू आलीस की तिला समजाव की आधी कार्ड विचारायचं, पत्रिका नंतर. आणि लोक विचारतील की भर मैदानात बोलला होता, त्याचं काय झालं. तर सगळ्यांना सांग की रक्तात दोष पोराच्या निघाला, म्हणून जुळलं नाही. रिंकीचं नाव त्यात येऊ देऊ नको.

भाऊजींना नमस्कार. तू मात्र पत्र टाकत राहा, माझं उत्तर उशिरा आलं तरी.

तुझा भाऊ
खुमेंद्र