आखूड क्लॅरिनेट भिंतीवर ठेवायचं नाही

मी, ख्रिसांथी दुला, मयत अपोस्तोलिस दुलासची बायको, वय पंचावन्न, राहणार पालिओखोरी, पोगोनी, स्वतःच्या हातानं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी दारू पाजलेली नाही. कुणी धाकात घेतलेलं नाही, तशी कुणाची टापही नाही. सोमवारी यानेनाच्या इस्पितळात माझं पित्ताशय काढणार आहेत. मूलबाळ नाही, म्हणून नोटरीबाई म्हणाल्या, लिहून ठेवा, नाहीतर मागे भांडणं होतील. लिहिलं तरी होतील. मी चार यत्ता शिकलेली, अक्षराला नावं ठेवू नयेत.

पहिले. राहतं घर माझ्या बहिणीच्या मुलीला, लेमोनियाला. छप्पर गळतं हे मला माहीत आहे, ते तिनं मला ऐकवू नये.

दुसरे. बँकेत असेल त्यातून माझं दफन आणि चाळिसाव्या दिवसाचं जेवण करावं. त्या दिवशी मेलेल्याच्या नावानं वाटायचे गोड गहू माझ्या जावेनं, थेओपिस्तीनं, करू नयेत. ती गहू शिजवत नाही, भिजवते. उरेल ते लेमोनियाला.

तिसरे. चीज करायची कढई आणि गाळायची फडकी शेजारच्या अरेतीला. तांब्याची मोठी परात थेओपिस्तीकडे आहे. एका लग्नापुरती नेली होती, त्या जोडप्याचं पोरगं आता सैन्यात आहे. परात मी तिला दिली असं कुणी समजू नये. तिनं ठेवून घेतली.

चौथे. चौकातला कॉफीखाना नवऱ्यामागे माझ्या नावावर आहे. चालवतो माझा दीर फोतिस, तो त्यालाच देते. नवऱ्याचं मोठं क्लॅरिनेटही त्याला.

पाचवे, आणि यासाठीच एवढं लिहायला बसले. लेमोनियाची मुलगी आर्गिरो सात वर्षांची आहे. आमच्याकडे अशी रीत की ऑगस्टात मेरीमातेच्या जत्रेला घरातलं मोठं क्लॅरिनेट पोराच्या हातात द्यायचं. सगळी भोकं झाकून सूर काढला तर ते वाजवणारं. नाही निघाला तर डफ घे आणि मागे बस, जन्मभर. यात पास होतात ती दांडगी पोरं. कानाचा काही संबंध नाही. आर्गिरो गाणं एकदा ऐकते आणि शिटीवर जसंच्या तसं वाजवते. पण बोटं काडीएवढी, पुढचे दोन दात पडलेले. मोठं क्लॅरिनेट तिच्या हातात म्हणजे बंदूक. खालची भोकं उघडी राहिली, नुसती हवा गेली. फोतिसनं लगेच डफ पुढे केला.

"वहिनी, हात लागतात त्याला. देवानं दिले नाहीत, मी काय करू?"

"सात वर्षांची आहे ती, भावजी. देव अजून देतोय."

तेव्हापासून मी तिच्या मापाचं वाद्य शोधते आहे. यानेनाच्या एका दुकानदारानं मान वर न करता सांगितलं, "बारा वर्षांची झाली की आणा." जोड्यांच्या दुकानात असं कुणी म्हणत नाही. दुसऱ्यानं प्लास्टिकचं दिलं. हलकं होतं, पण त्यातून एक सूर धड निघेना. लेमोनियाच्या नवऱ्यानं मोठ्या क्लॅरिनेटला गळ्यात अडकवायचा पट्टा लावून दिला. वजन गेलं, बोटं काही लांब झाली नाहीत. तोंडाशी बांधायची पत्ती इतकी कडक की फुंकून पोर लालबुंद झाली. नरम मागितली तर दुकानदार म्हणे, मोठी माणसं घेत नाहीत. मोठ्या माणसांसाठी मागितली कुणी?

आणि इकडे कॉफीखान्याच्या भिंतीवर नवऱ्याच्या आजोबांचं आखूड क्लॅरिनेट खिळ्यांना टांगलेलं. नेहमीच्याहून चार बोटं कमी, भोकं जवळजवळ. आर्गिरोला मी खुर्चीवर उभी केली आणि टांगल्या जागीच बोटं ठेवायला लावली. मागचं अंगठ्याचं भोक सोडून सगळी झाकली.

"हात लावू नका," फोतिस ओट्यामागून म्हणाला. "घराण्याची निशाणी आहे ती."

"कशाची निशाणी? वाजवण्याची की टांगण्याची?"

"पोरीच्या हातून मोडलं म्हणजे?"

"आणि खिळ्यावर किडलं म्हणजे?"

तो कप विसळायला लागला, क्लॅरिनेट काही खाली आलं नाही. ते वाद्य अपोस्तोलिसला बापाकडून आलं, मला त्याच्याकडून. म्हणून लिहिते की माझ्या मरणानंतर ते आर्गिरोला

इथे हात थांबला. डॉक्टर म्हणतो, खडे आहेत, यानं कुणी मरत नाही. माझी आई नव्वदीत गेली. मी तेवढी जगले तर हे आर्गिरोला मिळेल तेव्हा तिचे हात बापाएवढे झालेले असतील. लहान पोराची वस्तू मरणानंतर द्यायची, यासारखा मूर्खपणा नाही. वरचं अर्धं वाक्य खोडलं आहे. शेजारी सही केली आहे.

त्याऐवजी असं. आखूड क्लॅरिनेट मी आज दुपारी, जिवंतपणी, दोन साक्षीदार घेऊन भिंतीवरून काढलं आणि आर्गिरोला दिलं. फोतिस म्हणाला, "मग भिंतीवर काय लावू, वहिनी?" मी म्हटलं, "चुना."

चाव्यांखालच्या गाद्या झिजल्यात, त्या लेमोनियानं नव्या बसवून घ्याव्यात. अंगठ्याखालचा आधार पोरीच्या अंगठ्याच्या मापानं वर सरकवावा. पत्ती सगळ्यात नरम घ्यावी, दुकानदार कितीही हसला तरी.

मी इस्पितळातून परत आले नाही तरी फोतिसनं ते मागू नये. मागितलं तर चौथं कलम रद्द, कॉफीखाना लेमोनियाचा. आणि आर्गिरोची बोटं मोठ्या क्लॅरिनेटला पुरली की हे गावातल्या पुढच्या लहान पोराला द्यायचं. मुलगा असो, मुलगी असो, आमच्या घरातलं असो नसो. आर्गिरो रडली तरी द्यायचं.

ती आत्ता आतल्या खोलीत वाजवते आहे. मान पिरगाळलेल्या कोंबडीसारखा आवाज येतो. ऐकवत नाही. ऑगस्टात तेवढाही आला नव्हता.

स्वतःच्या हातानं लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत असं नोटरीबाई म्हणाल्या. त्यांना माझं सासर माहीत नाही. खालच्या दोघांना यातून काही मिळत नाही. वाद्य उतरवताना खुर्ची त्यांनीच धरली.

सही: ख्रिसांथी दुला

साक्षीदार: पोलितिमी झेरवा, टपाल वाटणारी
साक्षीदार: झाखारिस कोन्तोस, मधमाश्या पाळणारा

पालिओखोरी, शनिवार, १९ ऑक्टोबर २०१९