ताईची कवळी

४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

प्रभूच्या नावात सलाम. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण, तुझं तोंड.

गेल्या आठवड्यात तुझ्याकडे येऊन गेलो तेव्हापासून मला चैन नाही. तू दुधात भिजवलेला पाव चमच्याने गिळत होतीस आणि मी, जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवणारा तुझा सख्खा भाऊ, समोर बसून बघत होतो. त्यात पाळकसाहेबांनी सांगितलं की रविवारचं शास्त्रवाचन तुझ्याकडून काढून बँकेतल्या साहेबांना दिलं आहे, कारण मागच्या बाकांना तुझं काही कळत नाही. ते साहेब शास्त्र वाचतात की नोटीस, ते देव जाणे, पण शब्द स्वच्छ ऐकू येतात म्हणे.

चर्चची एक काच तडकली तर तू दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावतेस. देवाने तुला राहायला दिलेल्या घराचं दारच मोडलं आहे, ते कसं चालवून घेतेस? एकदा डॉक्टरांकडे जाऊन माप दे, पुढचं मी बघतो.

लोभ असू दे. राग आलाच तर उलट टपाली काढ.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. तू पाळक कधीपासून झालास?

दात देवाने दिले आणि देवानेच नेले. त्याने नेलेली वस्तू मी पुन्हा बनवून आणायची, हा काही नम्रपणा नव्हे. आणि खोट्या दातांनी खरं वचन वाचायचं हे माझ्या मनाला पटत नाही. आता तू चष्म्याचं काढशील, म्हणून आधीच सांगते. चष्मा नाकावर असतो, सगळ्यांना दिसतो. कवळी म्हणजे लपवाछपवी. शिवाय ते तुझे दातांचे डॉक्टर आमच्याच गायकवृंदात आहेत. तोंड नीट उघडत नाहीत म्हणून मी दर तालमीला त्यांना झापते. त्यांच्या खुर्चीत मी आ करून बसू?

वाचनाची काळजी करू नकोस. आपली ऑर्गनवाली, माझी शाळेपासूनची मैत्रीण, पडली होती हे तुला ठाऊक आहेच. मोडलेलं हाड जुळलं आहे. रोज धरून धरून थोडं चालली नाही तर कायमची अंथरुणाला खिळेल असं डॉक्टरांनी बजावलंय, पण ही बया पाय खाली टाकायला तयार नाही. म्हणते, देव नेईल तेव्हा नेईल, उगाच पायांना कशाला त्रास. तिला उमेद यावी म्हणून मी रोज दुपारी जाऊन शास्त्र वाचते. ती डोळे मिटून ऐकते, पदराने डोळे पुसते. मंडळीला माझी किंमत नसली तरी तिला आहे.

कवळ्यांच्या साच्यांचं प्लास्टर घासताना तू नाकावर फडकं बांधतोस का? खोकल्याचं तुझ्या बायकोने कळवलं आहे.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

सलाम. वि. वि. नम्रपणा राहू दे. तुला त्या गाणाऱ्या डॉक्टरांची लाज वाटते, एवढंच आहे. मैत्रीण चालत नाही, तू चावत नाहीस, आणि दोघीही बिल देवाच्या नावावर फाडता. त्याला कुणी विचारलंय का?

चेष्टा सोड. तुझा हात हातात घेतला तर नुसती हाडं लागली. आई गेल्यावर तूच मला भरवलंस. तुला उपाशी बघून मला भीती वाटते.

फडकं आठवेल तेव्हा बांधतो.

हट्ट कमी व्हावा, बाकी आहे तसंच असावं, ही विनंती.

तुझा,
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. हे कुणाला सांगू नकोस.

काल वाचताना दोन पानं चिकटून उलटली आणि मी वंशावळ वाचू लागले. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. अर्ध्यात लक्षात आलं, पण ऑर्गनवालीने डोळ्यांना पदर लावलेला पाहिला आणि मुद्दाम शेवटपर्यंत वाचलं. संपल्यावर म्हणाली, काय धीर आला गं, त्या मेंढराचा भाग तर फारच सुंदर.

त्यात मेंढरू कुठेच नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा कबूल झाली. तिचे कान आधीच मंद, त्यात माझं हे बोळकं. हिवाळ्यापासून तिला एक शब्द कळलेला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून डोळे पुसायची. म्हणजे मी वाचत होते, ती पडून होती, आणि दोघी कशा अगदी समाधानी होतो.

घरी येऊन मी रडले. नम्रपणा माझा, आणि पाय जात होते तिचे. माझं तोंड माझं एकटीचं आहे असं मी धरून चालले होते.

गुरुवारी डॉक्टरांकडे जाते. तू फडकं रोज बांधायचं, आठवो न आठवो.

तुझी,
ताई

२८ मार्च

प्रिय ताईस,

सलाम. वि. वि. कवळी डॉक्टरांकडे पाठवली आहे. ते सांगत होते, तू आ केलास तेव्हा त्यांनी तुला आणखी मोठा आ करायला लावला आणि कित्येक वर्षांनी त्यांचं मन शांत झालं.

सुरुवातीला तोंडात दुसऱ्याचं सामान ठेवल्यासारखं वाटेल. मोठ्याने वाचायचा सराव कर, जीभ आपोआप वळेल. तुझा पुढचा दात किंचित वाकडा होता, तसाच बसवला आहे. आता खोटे म्हणू नकोस.

फडकं बांधूनच सगळं काम केलं. बायको साक्षीला आहे.

लोभ होताच, आता चावूनही दाखव.

तुझा,
धाकटा

१२ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. हे पत्र ऑर्गनवालीच्या खोलीत बसून लिहिते आहे.

आज नवे दात घालून तिच्यापुढे पहिल्यांदा वाचलं. मुद्दाम देहाचा भाग काढला, की हा देह आपल्या मालकीचा नाही, देवाचा आहे, आणि त्याचा मान त्यात राखायचा. तिने आज डोळे मिटले नाहीत. वाचून झाल्यावर मला म्हणाली, हे खरंच असं लिहिलंय की तू पदरचं घालते आहेस? मी पुस्तक तिच्या नाकापुढे धरलं. मग चिडली. म्हणाली, आधीचं वाचन बरं होतं, त्यात धीर तरी यायचा. आणि लगेच म्हणाली, परत वाच.

परत वाचलं. त्यावर भिंतीकडे तोंड करून पडली. फार बोलले की काय असं वाटून मला धास्तीच भरली, म्हणून कागद घेऊन तुला लिहायला बसले. पण पत्र अर्धंच टाकते. ती उठून पलंगाच्या कडेला बसली आहे आणि माझ्याकडे चपला मागते आहे.

घाईत,
तुझी ताई