लाल खुणेची रिळं

६ जानेवारी १९७५, सोमवार

आणि वर लुसिअन म्हणतो, मी पळून आलो. पळून कसला? रीतसर तिकीट काढून, तीन बस बदलून, आईने बांधून दिलेली धिरडी खात आलो. उलट तोच बस थांब्यापर्यंत ओरडत आला, की साडेनऊ बोटांच्या माणसाला शहाणा मालक ठेवत नाही. धाकट्या भावाला निरोप द्यायची ही रीत! तर ऐक, लुसिअन. ठेवलं. आठवड्याला पस्तीस डॉलर, वर राहायला खोली, खोलीत खिडकी, खिडकीत नदी. आणि दिवसभरात एकही झाड पाडायचं नाही.

मालक म्हणजे एक बाई आहेत, इडा ओस्टरहाउट. धान्याच्या जुन्या वखारीत राहतात आणि तिथेच काम करतात. काम टीव्हीचं, पण घरोघरी लागतं ते नव्हे. स्वतः कॅमेऱ्याने चित्र घ्यायचं आणि मग ते बिघडवायचं. मुद्दाम. आज त्यांनी कॅमेरा टीव्हीकडेच तोंड करून लावला. टीव्हीत टीव्ही, त्यात आणखी टीव्ही, विहिरीत डोकावल्यासारखं. मग एक बटण केसभर फिरवलं आणि तासभर बघत बसल्या. आमच्या गावात असत्या तर पाद्रीने घरी येऊन चौकशी केली असती. पण खरं लिहायचं तर मीही उभ्या उभ्या बघत राहिलो. कॉफी गार झाली.

ही वही त्यांनीच दिली. कोणत्या रिळावर काय आहे ते रोज लिहायचं. मी सांगून टाकलं की माझी शाळा सहावीत सुटली. त्या म्हणाल्या, जे दिसलं ते लिही रे, शुद्धलेखन तपासणारी मी कोण, माझंच धड नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज मिलो आला. मिलो कपुस्ता. बाईंची सगळी यंत्रं यानेच बांधली. कपुस्ता म्हणजे त्याच्या आजोबांच्या भाषेत कोबी; लोकांनी हसायच्या आधी तोच सांगून हसतो. मी मेन राज्यातल्या जंगलातला म्हटल्यावर मला लाकूडतोड्या म्हणायला लागला. माझं अर्धं बोट बघून म्हणाला, झाडाने हिशेब चुकता केला वाटतं. मी म्हटलं, झाडाने नव्हे, लुसिअनच्या करवतीने. मग दोघंही हसलो.

त्याने रीळ पुसायला शिकवलं. टेप महाग, म्हणून जुनी पुसून पुन्हा वापरतात. इस्त्रीएवढा विजेचा चुंबक असतो. तो रिळावर गोल गोल फिरवायचा आणि बंद करायच्या आधी हळूहळू हातभर लांब न्यायचा. मग रीळ लावून बघायचं. पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या, आवाजाची नुसती खरखर आली, की झालं. मिलो म्हणतो, मुंग्या म्हणजे घरी कोणी नाही. चुंबक इतका थरथरतो की तो धरून आपल्या हातालाही मुंग्या येतात. त्यावर तो म्हणाला, बघ, तूही पुसला जातोयस.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी दोनला मिसेस हॅझलेट आल्या. इनेझ हॅझलेट. बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर असतात. त्या दर रविवारी येतात म्हणे. अंगातला कोट काढत नाहीत, पर्स मांडीवर धरून टीव्हीसमोर बसतात आणि आपल्या मुलाला बघतात.

मुलाचं नाव वेंडल. माझ्या आधी बाईंकडे तोच कामाला होता. मागच्या मार्चमध्ये नदीवरच्या बर्फातून खाली गेला. तेवीस वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बाईंनी त्याला एका फिरत्या पाटावर उभं करून सात रिळं घेतली. दुसरं काही नाही. पाट इतका सावकाश फिरतो की आधी पाठ, मग कान, मग गाल, आणि चार-पाच मिनिटांनी कधीतरी पूर्ण चेहरा. मग पुन्हा गाल, कान, पाठ. चेहरा यायला लागला की मिसेस हॅझलेट पुढे सरकून बसतात. आज म्हणाल्या, बघा, आला. केस कापायला सांगितलं होतं मी याला, ऐकेल तर शपथ.

त्या, बाई आणि मी, तिघंही हसलो. चांगल्या आहेत. जाताना मला हातमोजे शिवून देते म्हणाल्या. अर्ध्या बोटाचं माप घेऊन गेल्या.

१५ जानेवारी, बुधवार

बाई सोमवारी न्यूयॉर्कला गेल्या, त्यांचं काम तिथे दाखवणार आहेत. निघताना जिन्यावरून ओरडून सांगितलं, फळीवरची रिळं पुसून ठेव. आणि लाल खुणेचं लक्षात ठेव हं!

न ठेवून सांगतो कुणाला. जंगलात सात वर्षं तेच ऐकलं. मुकादम पुढे रंगाचा डबा घेऊन फिरतो, आम्ही मागून. लाल खूण दिसली की ते झाड आडवं. त्यात काही विचारायचं नसतं.

लाल खुणेची रिळं सात निघाली. दुपारपर्यंत सातही साफ केली. एकेक लावून तपासलं, कडेपर्यंत मुंग्या. पहिल्यांदाच कुणी मदतीला नसताना काम पूर्ण केलं.

१६ जानेवारी, गुरुवार

मिलो सकाळी आला. बोलता बोलता म्हणाला, लाकूडतोड्या, लाल खुणेला हात नाही ना लावलास? त्यात वेंडल आहे. त्यांची नक्कल कुठे नाही. नक्कल काढायला दोन यंत्रं लागतात आणि दुसरं माझ्याकडे ऑक्टोबरपासून उघडून पडलंय, इडा रोज शिव्या घालते.

मी म्हटलं, नाही. साधी पुसली.

इतक्या चटकन म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. त्याने मान डोलावली आणि माझ्यासाठी आणलेला अक्रोडाचा रोल दिला. तो गेल्यावर मी साध्या रिळांची खोकी इकडून तिकडे हलवली, पुसल्यासारखी दिसावीत म्हणून.

चूक केली ती काल. आज केलं ते वेगळं. त्याला चूक म्हणता येणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

ठरवलं होतं की त्यांना दारातच सांगायचं. वाक्यही पाठ केलं होतं. तेवढ्यात बाईंचा फोन आला, बर्फाने बस बंद आहेत, तूच इनेझला रीळ लावून दे, पहिलं. तोवर मिसेस हॅझलेट बुटांवरचं बर्फ झटकत आत आल्यासुद्धा. हातमोजे आणले होते. डाव्या हाताचं एक बोट अर्ध्यावर शिवलेलं.

मी रीळ लावलं. म्हटलं, मुंग्या दिसल्या की यंत्र बिघडलं म्हणू.

मुंग्या दिसल्या. मी तोंड उघडलं. आणि त्या पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, आज पाठ ताठ दिसतेय याची.

मला नुसत्या मुंग्या दिसत होत्या, शपथेवर सांगतो. अर्धा तास त्या बघत होत्या. चेहरा आला तेव्हा हसल्या. मी त्यांच्या मागे उभा राहून डावा हात चोळत होतो. हाताला मुंग्या आल्या होत्या, कोपरापर्यंत.

जाताना म्हणाल्या, इतका स्पष्ट कधी दिसला नव्हता.

२२ जानेवारी, बुधवार

बाई काल आल्या. विचारलं, साधीच पुसलीस ना? मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा.

हात अजून बधिर आहे. उजेडात धरला तर कडा नीट दिसत नाहीत. थंडीने असेल. एकटा असताना पहिलं रीळ पुन्हा लावलं. मुंग्याच. पण मध्ये एक उभी जागा आहे, तिथल्या मुंग्या बाकीच्यांपेक्षा सावकाश हलतात.

२६ जानेवारी, रविवार

दुसरं रीळ. आज बाईही बसल्या.

आता मलाही दिसतो. पाठ, खांदे, मान. पाट फिरतो. मिसेस हॅझलेट बडबडत होत्या. मग म्हणाल्या, इडा, याचे हात बघ गं. केवढे जाड झालेत. माझ्या वेंडलने आयुष्यात कुऱ्हाड धरली नाही.

मग म्हणाल्या, आणि हे बोट कधी तुटलं याचं?

मी हात पाठीमागे नेला. बाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं आणि मग वळून माझ्याकडे. मिसेस हॅझलेट थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, जाऊ दे. आईला काय, आला ते खूप झालं.

त्या गेल्यावर बाईंनी समोर बसवलं. म्हणाल्या, रोझेर, काय केलंस ते सांग.

मी सांगितलं. सगळं. मुकादमाचं, चुंबकाचं, मिलोशी खोटं बोललो ते, त्यांच्याशी बोललो ते. रडलोही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण असा नुसता बसू नकोस.

आणि उठून टीव्ही बंद करायला गेल्या. म्हणाल्या, ही खरखर कुठून येतेय?

टीव्ही बंदच होता.

२८ जानेवारी, मंगळवार

मिलो आला. मी जिन्यात उभा होतो. तो माझ्या अंगावरून पुढे गेला, मग थबकला, परत वळला. अरे, इथेच होतास होय! खांद्यावर थाप मारली आणि हात झटकन मागे घेतला. म्हणाला, करंट लागला रे.

नवा कॅमेरा तपासायला मला समोर उभं केलं. पडद्यावर भिंत आली, खुर्ची आली. माझ्या जागी मुंग्या.

तो म्हणाला, कॅमेऱ्यात दोष आहे. उघडून बसला.

३० जानेवारी, गुरुवार

चार दिवस रीळ लावलं नाही तर हाताला परत जाण येते. आज चिमटा लागला. मिलोलाही मी दारातूनच दिसलो, कोबी खाणार का म्हणाला. आवाजही थोडा परतलाय, पण दोन शब्दांच्या वर टिकत नाही. खरखर होते.

म्हणजे सोपं आहे. रीळ लावायचं नाही. सातही स्टोव्हमध्ये टाकायची. उद्या दुपारची बस आहे.

पण रीळ लावलं की वेंडलची पुसलेली जागा माझ्यातूनच भरते. ती भरायला मी पुरेन, असं दिसतंय. पाच रिळं उरलीत. मी एवढा मोठा नाही — म्हणजे पुरेन, पण उरणार नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

गेलो नाही. थांब्यापर्यंत गेलो होतो.

तिथे कारखान्यातल्या बायका उभ्या होत्या. मिसेस हॅझलेट त्यांच्यात. मी त्यांना दिसलो नाही. सांगत होत्या, माझा वेंडल आता जवळजवळ बोलायला आलाय. एक म्हणाली, इनेझ, डोकं ठिकाणावर ठेव बाई. बाकीच्या हसल्या. याही हसल्या. म्हणाल्या, अगं, ठेवलंय म्हणूनच सांगते, ओठ हलतात त्याचे. रविवारी दोन वाजता विचारणार आहे, त्या दिवशी नदीवर कशाला गेला होतास म्हणून.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने वाट पाहिली नाही, त्याला थांब्यावर कोणी दिसलंच नसेल. पण मीही पाऊल उचललं नाही. ते लिहायला हवं.

तिने विचारायचं आणि समोर कोणी नसायचं — हे मी केलेलं आहे. दुसऱ्या कुणी नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दोनला दहा कमी. त्या आल्या. बाई खाली स्वयंपाकघरात आहेत. त्यांनी मघाशी मला हाक मारली, मी समोरच होतो.

तिसरं लावलं. मग चौथं लावणार. सगळी लावणार, एका बैठकीत. थोडं थोडं जाण्यात काय —

डावा हात नाही. दिसत नाही म्हणतोय, नाही असं नव्हे — मुंग्या. उजव्याने लिहितोय.

चौथं. पाट थांबलाय. चेहरा समोर. त्याचाच आहे, माझा नाही, हे बरं झालं. फक्त हात माझे. त्या त्याला विचारतायत. तो सांगतोय. मला ऐकू येत नाही, ते त्यांचं आहे.

त्या म्हणाल्या, वेड्या, टोपीसाठी? टोपी उडाली म्हणून? आणि रडतायत. आणि हसतायत. बाईंना हाका मारतायत, इडा, इडा, वर ये गं —

पाचवं. खुर्चीतून उठता — पाय

मिलो, वही तुला सापडेल. लाल खुणेची मी पुसली. साधी नाही. लाल. मी. खोटं बोललो, दोनदा. मिसेस हॅझलेटना सांग, का नको सांगू, तू ठरव —

दुसरं यंत्र आजच जोड. ही पुन्हा एकेकच राहायला नकोत. कोणीतरी पुन्हा माझ्यासारखा येईल, त्याला खूण कळणार नाही. नक्कल काढ. सातही. कोऱ्या टेपवर काढ, पुसलेल्यावर नको, पुसलेल्यात कोणीतरी —

सहावं. त्या त्याच्याशी जेवणाचं बोलतायत.

कोरं रीळ एकोणीस डॉलरला मिळतं, तूच म्हणालास. पगार खोक्यात आहे, हातमोज्यांखाली. बाईंकडून घेऊ नकोस. हे माझ्याकडून. सात रिळांचे ठेवतोय एकशे तेहेतीस डॉल