इस्त्रीखालचं पान

गुरुवार, सकाळचे नऊ

प्रिय दादा,

नमस्कार. मी आणि तुझं बाळ, आम्ही दोघं इथं माझ्या घरी ठीक आहोत. बाळ दर दोन तासांनी दूध मागतं आणि जरा उशीर झाला की घर डोक्यावर घेतं. वजन वाढलंय. नाक तुझ्यावर गेलंय, त्याला आता काही इलाज नाही. तुझा फोन बंद, म्हणून पत्र. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तुझ्या दुकानाच्या दाराच्या फटीतून आत सरकवतील. वाचल्याशिवाय फाडू नकोस.

तुझी चिठ्ठी मिळाली. 'रविवारी चर्चचे पाळक बाप्तिस्म्याला येतील. नाव ईखाबोद.' बस! दहा दिवसांच्या लेकराबद्दल बापाची एवढीच ओळ. अजून त्याचं तोंडही पाहिलं नाहीस तू.

अर्थ माहीत आहे ना रे? पवित्र शास्त्रातली एक बाई बाळंतपणात मरता मरता आपल्या मुलाला ते नाव देते. वैभव गेलं, असा त्याचा अर्थ. उद्या शाळेत रोज हजेरी होणार आणि याला रोज ऐकावं लागणार की आपण आलो आणि घरातलं सगळं गेलं. आणि घरच्या पवित्र शास्त्रात, पहिल्या कोऱ्या पानावर, तू एकदा शाईनं लिहिलंस की संपलं. आपल्याकडे लिहिलेलं नाव आजवर कुणी खोडलेलं नाही.

तू म्हणशील, मी कुठं निवडलं? आपली रीतच ती. डोळे मिटून शास्त्र उघडायचं, समोर येईल त्या पानावरचं नाव घ्यायचं. आजोबांनी तेच केलं, बाबांनी तेच. तू उघडलंस, ते पान आलं, आणि तू म्हणालास, "देवानंच सांगितलं." मी तिथंच उभी होते, बाळ खांद्यावर. तू वळूनही पाहिलं नाहीस.

दादा, तू तीस वर्षं पुस्तकं बांधतोयस. जा, ते पुस्तक काढ आणि त्या पानाशी शिलाई बघ. सैल झाली असेल. पाठीचा कणा नेमका तिथंच मोडलाय. कडेला बाळाच्या पावडरीची बोटंसुद्धा दिसतील.

ती माझी बोटं. वहिनीच्या मातीनंतर तीन दिवस तुझ्या स्वयंपाकघरात मी तेच पान वाचत होते. बाळ रडलं की पुस्तक उघडंच पालथं टाकायचे, पान हरवू नये म्हणून वर गार इस्त्री ठेवायचे आणि धावायचे. लहानपणी पुस्तक पालथं टाकलं म्हणून तू माझा कान पिळायचास, आठवतं? ते पुस्तक आता दुसरीकडे उघडणारच नाही.

का वाचत होते? त्या मरणाऱ्या बाईजवळ बायका असतात. भिऊ नकोस, मुलगा झालाय, असं त्या तिला म्हणतात. मीही वहिनीला हेच म्हणाले. मला बघायचं होतं, पुढं त्या बायकांचं काय झालं. चार पानं मागं-पुढं पाहिलं. काही लिहिलेलं नाही. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

तूही मला विचारलं नाहीस. कधीपासून दुखत होतं, एवढंसुद्धा नाही. मी सुईण, तुझा माझ्यावर भरवसा. म्हणून आता न विचारता सांगते.

वहिनी सकाळी अकरालाच म्हणाली होती, "वन्सं, काहीतरी वेगळं वाटतंय. दवाखान्यात जाऊ या ना." मी हसले. वीस वर्षांत शेकडो बाळं या हातांवर आली, मला कोण शिकवणार! म्हटलं, "पहिलटकरणीला असंच वाटतं गं. पडून राहा." तुला दुकानात फोनही करू दिला नाही तिला. गाडी बोलावली तेव्हा चार वाजून गेले होते. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. तू औषधं आणायला गेला होतास. मी ते तुझ्यापासून लपवलं.

पाच तास, दादा. ते माझे. त्यात या पोराचा काय दोष? ते बिचारं बाहेर यायची धडपड करत होतं.

तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही. नको बघूस. रविवारी शिंपीणबाई त्याला घेऊन येतील. पेन उघडण्याआधी एकदा त्याला मांडीवर घे. मग काय हवं ते नाव लिही, पण त्याच्याकडे बघून लिही.

आणि त्या पानावरचं नाव मी घेते. तुझं वैभव माझ्या हातानं गेलं.

तुझी धाकटी बहीण,
ईखाबोद