डाव्या हाताचा लिव्हर

मंगळवार, ४ मार्च
लोणच्याची बरणी हातातून सुटली. डाव्या हातातून. काचा गोळा करता करता हिने विचारलं, "हाताला तेल लागलं होतं का?" मी हो म्हणालो. नव्हतं लागलेलं.

गुरुवार, ६ मार्च
कुदळ घेऊन मागच्या तुकड्यात गेलो. दरवर्षी मार्चात हा तुकडा मी एकटा खणतो — मग भेंडी, घेवडा, गवार, सगळं हिच्या मर्जीने. आज दहाव्या घावाला कुदळ निसटून बुटाशी पडली. डाव्या हाताची मूठ वळते, पण टिकत नाही. एकतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली आणि आता कुदळीचा दांडा धरवत नाही!

हिला सांगितलं, कंबर धरली. आणि वर एकदम बोलून बसलो, "यंदा माती खणायला टिलर मशीन घेऊन टाकू." तिचा चेहरा असा उजळला की माघार घ्यायची सोयच उरली नाही.

शुक्रवार, ७ मार्च
डॉक्टरकडे जाणार नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला! चिरंजीव गेल्या खेपेला बजावून गेले आहेत — "बाबा, आता एवढंसं जरी काही झालं ना, तर हे घर बंद. दोघांनी आमच्याकडे यायचं." आमच्याकडे म्हणजे चौथा मजला आणि कपडे वाळत घालायची एक बाल्कनी. तिथे गेलो की ही तिसऱ्या दिवसापासून घेवड्याला पाणी कोण घालेल म्हणून झुरते. मला हात गेल्याची तेवढी भीती नाही. हिचा तुकडा माझ्यामुळे जाईल, याची आहे.

रविवार, ९ मार्च
चिरंजीवांचा फोन. वायरवर चालणारं हलकं मशीन घ्या, म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? त्या चिकणमातीत ते नुसतं उड्या मारेल. मी फोनवरच म्हणालो, "ती खेळणी! लोखंडात आयुष्य गेलंय माझं." ही शेजारी बसून हसत होती.

हे वाक्य मला भोवणार आहे.

बुधवार, १२ मार्च
भोवलं.

दुकानात तीन मशीनं. एक बॅटरीवरचं, पोराएवढं वजन. दुसरं पेट्रोलचं, पाती पुढे — त्याला वरून दाबून धरावं लागतं, दोन्ही हातांनी. तिसरं मोठं. चाकं पुढे ओढतात, पाती मागे फिरतात, माणसाने फक्त पाठीमागून चालायचं. आमच्या मातीला तेच खरं. पण डाव्या मुठीखाली एक लिव्हर. तो सतत आवळून धरायचा, तरच मशीन चालतं. सोडला की चाकं-पाती जागच्या जागी बंद.

दुकानदार म्हणाला, "रिव्हर्सला तेवढं जपा काका. पाती तुमच्याच पायाकडे येतात. घाबरलात तर काही करू नका, नुसते हात सोडा!"

मी लिव्हर आवळला. मनात मोजत होतो. चाळीसला बोटं उघडायला लागली. "ग्रीस कमी आहे याला," असं काहीतरी पुटपुटलो.

मग बॅटरीवाल्याचा लिव्हर दाबून बघितला. लोण्यासारखा. हेच घ्यावं, हात वाचेल, असं पक्कं झालं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, ती तर खेळणी ना!" आणि मोठ्याचा लिव्हर तिने एका हाताने आवळून धरला. दुकानदाराशी बियाण्यांच्या गप्पा मारत. "यात काय अवघड आहे?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मोठंच घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते माझ्यासारख्यांना बघूनच.

शनिवार, १५ मार्च
टेम्पो आला. शेजारचे मास्तर कुंपणावरून बघायला आले. त्यांनी चाक ठोकून बघितलं, मी पाती दाखवली, हिने चहा दिला. हिला मीच शिकवलं, दुकानदाराचंच — "काहीही झालं तर नुसते हात सोड. आपोआप थांबतं." दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून. पण चालवायचं मी, असंही सांगितलं. दगड उडतात.

मंगळवार, १८ मार्च
अर्ध्या ओळीत मशीन बंद. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. ही मागच्या दारातून, "काय झालं हो?" मी, "माती घट्ट आहे." ही, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि हसत आत गेली. मलाही हसू यायला हवं होतं.

बुधवार, १९ मार्च
ही बाजारात गेली तेव्हा जुन्या बुटाची नाडी घेतली आणि लिव्हर मुठीला बांधून टाकला. सलग चार ओळी झाल्या! सरळ, खोल, सुंदर. किती दिवसांनी माणसात आल्यासारखं वाटलं.

कारखान्यात कोणी असा सेफ्टी स्विच बांधलेला दिसला तर मी त्याला गेटबाहेर काढायचो. एकाला काढलंही होतं. फाटकाचा आवाज आला की नाडी सोडतो. रोज सोडेन. तेवढी अक्कल शाबूत आहे.

शुक्रवार, २१ मार्च
अर्धा तुकडा झाला. ही ओळींतून अनवाणी फिरून आली. "कंबर बरी दिसतेय," म्हणाली. "मलाही एक ओळ द्या ना." म्हटलं, उद्या-परवा बघू.

सोमवार, २४ मार्च
काल लिहिता आलं नाही.

काल सकाळी नाडी बांधून काम चालू होतं. ही घरातच होती, पण स्वयंपाकघरात. चिरंजीवांचा फोन आला म्हणून तिने हाक मारली. गिअर काढला, इंजिन चालूच ठेवलं, आत गेलो. पाच मिनिटांचं काम. चिरंजीवांना मशीनचं कौतुक सांगत बसलो!

इंजिनाचा आवाज बदलला तेव्हा कळलं. ही मागच्या दाराने बाहेर गेली होती. एक ओळ करून मला दाखवायची होती तिला. गिअर टाकला तो रिव्हर्सला पडला. मशीन तिच्या अंगावर आलं. तिने मी शिकवलं तेच केलं — हात सोडले.

ते थांबलं नाही.

धावलो. स्विच बंद केला. नाडी काढली. तिचा पाय पात्यांतून सोडवला. तोवर मास्तर कुंपण ओलांडून आले. गमबूट फाटलेला, आत सगळं लाल. दवाखान्यात सोळा टाके. उजव्या पायाची करंगळी वाचली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "माझंच चुकलं. घाबरून घट्ट धरून ठेवलं असेल. हे बिचारे सांगून सांगून थकले होते, हात सोड म्हणून."

मी खिशातली नाडी आणखी आत ढकलली.

मंगळवार, २५ मार्च
चिरंजीव आले. आईला रागावले — "तुला कोणी सांगितलं होतं गं हात लावायला?" ही खाली मान घालून, "चुकलं रे." मास्तरांनाही तेच. दूधवाल्यालाही तेच. प्रत्येक वेळी मी खोलीत आहे. नाडी माझ्या पँटच्या खिशात आहे.

बुधवार, २६ मार्च
कालचं, परवाचं लिहिलेलं वाचलं. "स्विच बंद केला. नाडी काढली. तिचा पाय सोडवला." याच क्रमाने लिहिलं आहे. कारण याच क्रमाने केलं. मास्तरांची हाक ऐकू आली होती कुंपणापलीकडून, आणि मी आधी नाडीला हात घातला.

खोडावंसं वाटलं. खोडून काय होणार?

शुक्रवार, २८ मार्च
चिरंजीव म्हणतात, मशीन विकू आणि पंधरा दिवसांत तुम्ही दोघं आमच्याकडे. ही म्हणाली, "मी धांदरटपणा केला, त्याची शिक्षा ह्यांना नको." म्हणजे अजूनही माझीच काळजी! माझ्याच्याने आता ऐकवत नाही. लाज वाटते. उद्या सांगणार. सगळं.

शनिवार, २९ मार्च
सांगितलं. हाताचं सांगितलं, बरणीपासून. नाडी खिशातून काढून तिच्या पांघरुणावर ठेवली. फक्त कशाला आधी हात घातला, तेवढं सांगायला जीभ उचलली नाही.

तिने नाडीला हात लावला नाही. मग म्हणाली, "डावा हात चालत नव्हता, म्हणून दातांनी गाठ सोडवत होतात तुम्ही. माझा पाय आत होता. मी हाका मारत होते."